आम्हांला 'भेटते', तुम्हांला 'मिळते'!

मागल्या वर्षी माझी एक कादंबरी छापखान्यात होती. तिच्यातला एक म्हातारा शेतकरी दिवस मावळता मावळता बाजारातून घरी येतो, खांद्यावरचा दुपट्टा ओट्यावर टाकतो आणि बायकोला सांगतो, "चुकारा नाही भेटला वं." चुकारा म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे. वाक्य एवढेच, पण ते लिहायला मला दोन दिवस लागले होते. त्या घरातली दिवाळी होणार की नाही, हे त्या चार शब्दांवर ठरायचे होते.

मुद्रिते हातात आली तेव्हा पाहतो तो त्या वाक्यातला 'भेटला' खोडलेला आणि वर 'मिळाला' लिहिलेले! शेजारी समासात सुवाच्य अक्षरात शेरा होता: "वस्तू मिळतात, माणसे भेटतात. लेखक शिक्षक असूनही हा साधा भेद त्यांच्या ध्यानात येऊ नये, याचे आश्चर्य वाटते."

हे गृहस्थ कोण, कोठले, ते मी सांगणार नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. ते एका मोठ्या फौजेतले एक शिपाई आहेत. या फौजेत वक्तृत्वस्पर्धेचे परीक्षक आहेत, शहरात चार वर्षे राहून गावी परतलेले पुतणे आहेत, सुनेच्या बोलण्याला नाक मुरडणाऱ्या सासूबाई आहेत; आणि आता कबूलच करायचे तर पुष्कळ वर्षे मी स्वतःही होतो. म्हणून त्या शेऱ्याचे उत्तर एकट्या त्या गृहस्थांना पत्राने न देता, वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्या सर्वांपुढे ठेवीत आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात पोरांना शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. पदवीचा दाखला माझ्यापाशी नाही. पण कान दोन आहेत आणि ते रोज वर्गात, वावरात आणि एस. टी.च्या थांब्यावर उघडे असतात. आमच्याकडे नोकरी भेटते, गाडी भेटते, भाव भेटत नाही, कर्ज भेटता भेटत नाही. हे ऐकून हसणाऱ्यांच्या त्या 'साध्या भेदा'चीच आधी जरा झडती घेऊ.

वस्तू मिळतात, माणसे भेटतात. ठीक. मग पुण्यामुंबईच्या घराघरांत "हल्ली कामाला बाई मिळत नाही" असे जे रडगाणे चालते, त्यातली बाई ही वस्तू समजायची काय? "मुलीला नवरा देवमाणूस मिळाला," "शाळेला हेडमास्तर चांगले मिळाले," हे कोण म्हणतो? शुद्ध बोलणारेच म्हणतात. म्हणजे माणसे खुशाल मिळतात! आता उलट बाजू पाहा. मोठमोठे साहित्यिक आत्मचरित्रात लिहितात, की अमुक वयात मला अमुक पुस्तक भेटले. प्रवासवर्णनात घाट उतरता उतरता एखादे सुरेख तळे भेटते. लेखकाला पुस्तक भेटले म्हणजे ती प्रतिभा, आणि आमच्या पोराला पुस्तक भेटले म्हणजे ते अशुद्धलेखन! बरे, वस्तू भेटत नाही असे बजावणारे हेच विद्वान आपल्या नव्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय लिहून सही करतात? 'सप्रेम भेट'! भेट म्हणजे गाठ आणि भेट म्हणजे देणगीही. हा दुहेरी अर्थ आमच्या वऱ्हाडाने काही चोरून आणलेला नाही. तो मराठीच्या घरात उजळ माथ्याने नांदतो आहे. हिंदीतल्या 'भेंट'लाही तेच दोन अर्थ आहेत.

पण खरी गंमत पुढेच आहे. ज्या 'मिळणे' या शब्दाला सोवळे नेसवून पाटावर बसवले आहे, त्याची कुळी तरी तपासावी! संस्कृतात 'मिल्' असा धातू आहे. त्याचा अर्थ प्राप्त होणे असा नाही. त्याचा अर्थ एकत्र येणे, जुळणे, गाठ पडणे, म्हणजेच भेटणे! मिलन, मेळा, मेळावा, हातमिळवणी, 'आपण सगळे मिळून जाऊ' यातले मिळून, ही सगळी त्याचीच लेकरे. आमच्या जिल्ह्याच्या कडेला पैनगंगा वर्धेला मिळते. भूगोलाच्या तासाला मी हे वाक्य फळ्यावर लिहितो. येथे पैनगंगेला काही लाभ झालेला नाही. दोन नद्यांची भेट झाली आहे. आणि पुढच्याच तासाला मराठीचा मास्तर म्हणून मीच पोरांना सांगायचे, की मिळणे वेगळे आणि भेटणे वेगळे!

म्हणजे झाले काय, ते पाहा. केव्हातरी आपल्या एखाद्या पूर्वजाने पहिल्यांदा "मला धान्य मिळाले" असे म्हटले, तेव्हा त्याचा अर्थ "धान्य मला भेटले" असाच होता. त्या काळी मुद्रितशोधक असते तर त्यांनी विचारले असते, "धान्य काय पाहुणा आहे, मिळायला?" कोणी विचारले नाही, म्हणून शब्द रुळला. गुजरातीतल्या 'मळवुं'ला, हिंदीतल्या 'मिलना'ला आणि आपल्या शेजारच्या कोंकणीतल्या 'मेळप'ला आजही दोन्ही अर्थ आहेत: माणूसही मेळतो आणि पैसेही मेळतात. मराठीत 'मिळणे' हळूहळू प्राप्तीच्या खोलीत राहायला गेले आणि माणसांच्या गाठीभेटीचे काम 'भेटणे'कडे आले. आता तीच वाट 'भेटणे' चालू लागले आहे. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. सासूबाई ज्या दारातून घरात आल्या, त्याच दारातून सून येते आहे. आणि सासूबाईच दारात आडव्या पडून म्हणताहेत, की हा काही घरात यायचा रस्ता नव्हे!

यावर ठरलेला आक्षेप असा, की हे हिंदीचे वळण आहे. असेल बुवा! वऱ्हाडचा इतिहास तसाच आहे. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला, १९०३ साली तो मध्यप्रांताला जोडला गेला, आणि १९५६ पर्यंत आमच्या कचेऱ्यांची वाट हिंदी बोलणाऱ्यांच्या शेजारून गेली. त्यातून वणी-पांढरकवड्याकडे तेलुगू आणि कोलामी कानावर येते, पुसद-दिग्रसकडे बंजाऱ्यांची गोरमाटी. इतक्या शेजाऱ्यांत राहून ज्याच्या बोलण्याला काहीच चिकटले नाही, तो माणूस नसून दगड म्हणायचा. आणि शुद्ध मराठीने तरी काय केले? हजर, जमा, बाकी, वसूल हे शब्द कोठून आले? स्पर्धेत 'भाग घेणे' हे वळण कोणाच्या सावलीत रुळले? दरबाराचे आणि साहेबाचे वळण ते वळण, आणि शेजाऱ्याचे वळण तेवढा विटाळ, हा कोठला न्याय? शिवाय आता मराठवाड्यात, खानदेशात, खुद्द मुंबईतसुद्धा कॉलेजातली पोरे 'तिकीट भेटले' म्हणतात. त्यांना काय आम्ही जाऊन शिकवले?

आणखी एक. हे बोलणे अडाणीपणाचे म्हणणाऱ्यांनी त्यातला नियम कधी पाहिला आहे काय? प्रमाण मराठीत भेटण्याच्या दोन तऱ्हा आहेत. "मी मामाला भेटलो", म्हणजे मी मुद्दाम गेलो. "मला मामा भेटला", म्हणजे मामा आपण होऊन वाटेत समोर आला. दुसऱ्या वाक्याची ठेवण पाहा आणि तिच्याशेजारी "मला आंबा मिळाला" हे वाक्य ठेवा. दोन्हीची ठेवण एकच: मी नुसता उभा आहे, येणारे माझ्याकडे आले. आमच्या बोलीने वस्तूंसाठी नेमकी ही दुसरीच तऱ्हा उचलली. आमचा पोरगा "मले पुस्तक भेटलं" म्हणेल. पण "मी पुस्तकाले भेटलो" असे तो सात जन्मांत म्हणणार नाही. हा विवेक त्याला कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवला? कोणत्याही नाही. तो त्याच्या मायने शिकवला. ज्याला नियम आहे, त्याला चूक म्हणत नाहीत. त्याला भाषा म्हणतात.

आता थोडे घराबाहेर पडू. ग्रियर्सनसाहेबांच्या हिंदुस्थानातील भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या पाहणीत आमच्या वऱ्हाडीचे नमुनेही आहेत. तो खंड सिद्ध करणारा पंडित होता स्टेन कोनोव. हा गृहस्थ इंग्रज नव्हता, नॉर्वेचा होता. त्याच्या मायबोलीतही आपल्या 'मिळणे'च्या जागी एक लहानसे क्रियापद आहे: 'फो'. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या तिन्ही देशांत ते रोज शेकडो वेळा तोंडी येते. पत्र 'फो' होते, सर्दी 'फो' होते, पगार 'फो' होतो. आणि त्याचे मूळ काय? जुन्या नॉर्स भाषेतले 'फा', म्हणजे पकडणे, झडप घालून धरणे. जर्मनांचे पकडण्याचे क्रियापद 'फांगेन' हे त्याचेच चुलत भावंड. समुद्रावर आणि रानात पकडून खाणाऱ्यांचा शब्द उद्या पगाराला लागू झाला, तरी तेथे कोणी म्हणत नाही, की पगार काय ससा आहे, पकडायला?

फार काय, इंग्रजांचे 'गेट' हे क्रियापददेखील उत्तरेकडून बोटींतून आलेल्या त्याच नॉर्स लोकांच्या बोलीतून इंग्लंडात उतरले. जर्मनांचे 'बेकोमेन' हे येण्यापासून निघाले. आपले 'पावणे' हे 'प्राप्' पासून, म्हणजे पोचण्यापासून. दुकानदार देतो ती पावती त्याचीच लेक. आपले 'लाभणे' हे 'लभ्' पासून, आणि त्याचाही जुना अर्थ धरणे, पकडणे असाच. कोणी पकडून मिळवले, कोणी पोचून, कोणी भेटून. पोटाला काहीतरी येण्याचा हा व्यवहार माणूस कोणत्याही मुलखात उसन्या शब्दानेच सांगत आला आहे. त्यात आमच्या वऱ्हाडाने भेटीचा शब्द वापरला, तर तो काही हलका नाही. झडप घालण्यापेक्षा भेटणे केव्हाही बरे!

या 'फो'ची अजून एक करामत आहे. त्याच्यापुढे दुसरे क्रियापद ठेवले, की त्याचा अर्थ मुभा होतो, प्रसंगी सक्तीही होते. तू जाऊ शकतोस, हेही 'फो'नेच सांगायचे आणि तुला थांबावे लागेल, हेही 'फो'नेच. आपल्याकडेही तसेच नाही काय? "मला जायला मिळाले" यात कोणती वस्तू हाती आली? संधी आली, मोकळीक आली. आणि वऱ्हाडीत तेच "जाले भेटलं" असे होते. मी ही करामत पुस्तकात वाचण्याच्या फार आधी एका मुलीने मला ती शिकवली होती. दुर्दैव एवढेच, की त्या वेळी मी शिकण्याऐवजी शिकवीत होतो.

त्या मुलीचे नाव सांगत नाही. सहावीत होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर्गाला 'माझी शाळा' हा निबंध घातला. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापसाचा वेचा सुरू होतो आणि वर्ग अर्धा रिकामा होतो. तिने पाचसहा ओळीच लिहिल्या होत्या. त्यांत एक ओळ अशी: "कापूस येचाचा राह्यते म्हणून मले शाळेत याले भेटत नाही."

मी लाल शाईची दौत उघडली. 'येचाचा'चे 'वेचायचा' केले. 'राह्यते'चे 'असतो' केले. 'मले'चे 'मला', 'याले'चे 'यायला'. आणि 'भेटत'वर तर दोनदा रेघ ओढून 'मिळत' लिहिले. एका ओळीत पाच चुका! दहापैकी तीन गुण दिले आणि वर्गात ती ओळ मोठ्याने वाचून दाखवून विचारले, "शाळा काय मामा आहे, भेटायला?" वर्ग हसला. तीही हसल्यासारखे करून खाली बसली.

संक्रांतीनंतर ती शाळेत आली नाही. पुढेही कधी आली नाही.

माझ्या शेऱ्यामुळे तिची शाळा सुटली, असे मी म्हणत नाही. घरात तान्हे भावंड होते, वावरात काम होते, कारणे पुष्कळ होती. पण त्या कारणांचीच फिर्याद घेऊन ती माझ्याकडे आली होती! मास्तर, मला शाळेत येऊ देत नाहीत, हे ती स्वच्छ अक्षरांत लिहून देत होती. आणि मी काय केले, तर फिर्यादीतले शुद्धलेखन तपासले. पाच शब्द दुरुस्त केले आणि वाक्य वाचायचे राहूनच गेले. मराठीचा मास्तर म्हणून माझ्या हातून घडलेले सर्वांत मोठे अशुद्धलेखन ते हेच.

म्हणून माझे भांडण नुसत्या एका शब्दासाठी नाही. मूल आधी चुकायला भिते, मग लिहायला भिते, मग तोंड उघडायलाच भिते. पुढे तेच मूल मोठे होऊन कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहते आणि "साहेब, मदत नाही भेटली" असे म्हणते, तेव्हा आतले कोणीतरी हसते. हसले, की ते मागे फिरते. ज्याला आपले गाऱ्हाणे आपल्या शब्दांत मांडायची लाज वाटू लागली, त्याचे गाऱ्हाणे कायमचे निकालात निघते, आणि शुद्ध मराठीतच निघते!

नॉर्वेची गोष्ट पुरी करतो. तेथे ईव्हार ओसेन नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. वयाच्या अठराव्या वर्षी तो खेड्यापाड्यांत फिरता मास्तर झाला. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशीही नव्हती. मुलूखभर पायपीट करून त्याने शेतकऱ्यांच्या बोली गोळा केल्या आणि १८४८ साली त्यांचे व्याकरण, १८५० साली कोश छापला. शहरच्या शिष्टांची भाषा तेव्हा डॅनिशच्या वळणाची होती. पुढे १८७८ साली त्या देशाच्या पार्लमेंटाने ठराव केला, की प्राथमिक शाळेत शिकवणे शक्य तो मुलांच्या स्वतःच्या बोलीतून व्हावे. आणि १८८५ साली ओसेनने बोलींवरून उभी केलेली भाषा दुसरीच्या बरोबरीची ठरली. त्यामुळे नॉर्वे बुडाला, असे काही ऐकिवात नाही.

परदेशाचे दाखले आवडत नसतील तर घरचा घ्या. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचे ते मोठे स्थान. तेराव्या शतकात घडलेले लीळाचरित्र याच पंथाचे. केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, ते कशासाठी? भोळ्याभाबड्या म्हाताऱ्या बाया वंचित राहतील, यासाठी. मराठी ग्रंथाचा पाया म्हाताऱ्या बायांच्या कळण्यावर घातलेला आहे! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आम्हीही शाळेत पेढे वाटले. पण तो दर्जा मिळवायला जी जुनी महाराष्ट्री प्राकृत आणि जी गाथासप्तशती पुढे केली, ती दरबारी संस्कृत नव्हे. लोकांच्या तोंडची घडण आहे. लोकांच्या जुन्या बोलीवर मान मिळवायचा आणि लोकांच्या आजच्या बोलीला हसायचे, हे कोठले शहाणपण?

आमच्या यवतमाळात दोनदा मराठी साहित्य संमेलन भरले. १९७३ साली गदिमा अध्यक्ष होते, २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे. २०१९ च्या संमेलनाचे उद्घाटन आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे या शेतकरी-विधवेच्या हस्ते झाले. महाराष्ट्राने ऐकले, टाळ्या दिल्या. चांगले झाले. पण माझा प्रश्न साधा आहे. खेड्यातल्या बाईला व्यासपीठावर बसवून टाळ्या द्यायला आपण तयार असतो. मग तिच्या गावच्या पोराला वर्गात बसवून त्याचे बोलणे ऐकून घ्यायला का तयार नसतो? संमेलन या शब्दातही तोच 'मिल्' धातू दडला आहे. संमेलन म्हणजे भेटणे. भेटीत दोघांनी बोलायचे असते.

कोणी म्हणेल, मास्तर, मग प्रमाण भाषा बुडवायची काय? मुळीच नाही. परीक्षेत 'मिळाले' लिहा, अर्जात 'मिळाले' लिहा, हे मी आजही शिकवतो. कारण पोरांना गावाबाहेर जायचे आहे आणि बाहेरच्या जगाचा तो रिवाज आहे. पण आता मी 'भेटलं'वर काट मारीत नाही. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहितो आणि सांगतो, हा आपल्या घरचा, हा पुस्तकातला. दोघे सख्खे भाऊ आहेत. पोरे दोन्ही शिकतात. बाहेर जाताना नवा सदरा घालायला शिकवावे. पण त्यासाठी घरातल्या सदऱ्याला चिंधी म्हणू नये, एवढेच माझे म्हणणे.

ती मुद्रिते मी परत पाठवली. 'मिळाला' खोडून पुन्हा 'भेटला' केले आणि समासात लिहिले: "कायम ठेवावे. म्हाताऱ्याला पैसे नाही भेटले, एवढेच खरे आहे. ते बदलता आले तर अवश्य बदला." पुस्तक तसेच छापून निघाले.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा आमच्याकडे पहिला वेचा चालू असेल. दिवाळीत आपल्या दारी एखादे पोर येईल, किंवा आपण गावी जाल तेव्हा ओट्यावर भेटेल, आणि सांगेल, "मले नवा सदरा भेटला." त्याच्या पाठीवरून हात फिरवा. आणि कदाचित दुसरे म्हणेल, "मले नाही भेटला." तेव्हा कृपा करून क्रियापद दुरुस्त करू नका. आधी ते काय सांगते आहे, तेवढे नीट ऐका.